जर्मन वाइन गोडच असते? ‘ट्रोकन’ बाटली ओळखण्यापासून ताटापर्यंत

जर्मन पांढरी वाइन म्हणजे उंच निमुळती बाटली आणि आत काहीतरी गोड, असा समज अजूनही पक्का आहे. तो तयार झाला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत. निर्जंतुक करणाऱ्या गाळण्या तेव्हा सर्रास वापरात आल्या. त्यामुळे रस आंबणं मध्येच थांबवणं किंवा तयार वाइनमध्ये न आंबवलेला द्राक्षरस मिसळणं सोपं झालं. ‘लीबफ्राउमिल्श’ या नावाखाली स्वस्त, गोडसर वाइन परदेशात भरपूर गेली आणि जर्मनीची तीच ओळख होऊन बसली. देशात मात्र १९८० च्या दशकापासून वारं फिरलं. आज तिथल्या दर्जेदार वाइनपैकी निम्म्याच्या आसपास वाइनवर ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी असं लिहिलेलं असतं, आणि जेवणासोबत प्यायची खरी जर्मन वाइन हीच.

ही वाइन समजून घेताना एकच गोष्ट धरून ठेवली तर पुढचं सगळं सुटत जातं: आंबटपणा. लेबलावरचा कायदा, जिभेवरची चव, कोणता पदार्थ चालतो आणि कोणता फसतो, या सगळ्याचा हिशेब शेवटी आंबटपणाशी येऊन मिळतो.

कोरडी म्हणजे नेमकी किती कोरडी?

द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचा अल्कोहोल होतो. ढोबळ हिशेब असा, की लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर संपली की १ टक्का अल्कोहोल तयार होतो. यीस्टने जवळजवळ सगळी साखर संपवली की वाइन कोरडी होते. पण शेवटचे काही ग्रॅम बहुतेक वेळा उरतातच, म्हणून मर्यादा ठरवावी लागते.

लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर असेल तर वाइन ट्रोकन, यात काही प्रश्न नाही. त्यापुढे ९ ग्रॅमपर्यंतही ट्रोकन लिहिता येतं, पण एका अटीवर: साखरेचा आकडा आम्लाच्या आकड्यापेक्षा २ ग्रॅमहून जास्त पुढे जाता कामा नये. म्हणजे आम्ल ७ ग्रॅम असेल तर साखर ९ ग्रॅमपर्यंत चालते. आम्ल ५ ग्रॅमच असेल तर ७ ग्रॅमवर थांबावं लागतं. हा नियम जिभेच्या बाजूने केलेला आहे. आंबटपणा जास्त असला की तेवढीच साखर कमी जाणवते. रीसलिंग या जर्मन पांढऱ्या द्राक्षाची वाइन घ्या: ८ ग्रॅम आम्ल आणि ६ ग्रॅम साखर असलेली रीसलिंग पिताना गोड लागत नाही, फक्त तिची धार थोडी बोथट होते. ही थोडीशी साखर मुद्दाम ठेवणारे उत्पादक फसवत नाहीत, तोल सांभाळतात.

ट्रोकनच्या पुढची पायरी ‘हाल्बट्रोकन’, म्हणजे अर्धकोरडी. तिची मर्यादा साधारण १२ ग्रॅम, आणि आम्ल पुरेसं असेल तर १८ ग्रॅमपर्यंत. ‘फाइनहर्ब’ हा शब्दही अनेक बाटल्यांवर दिसतो. त्याची कायद्यात व्याख्या नाही. बहुतेक ठिकाणी तो हाल्बट्रोकनच्या आसपासच्या, जरा गोडाकडे झुकलेल्या वाइनला वापरतात. कोरडी हवी असेल तर या शब्दावर विसंबू नका.

एवढा आंबटपणा येतो कुठून? जर्मनीतल्या बहुतेक द्राक्षबागा उत्तरेला ४८ ते ५१ अक्षांशांच्या दरम्यान आहेत. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात, टार्टरिक आणि मॅलिक. मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने खर्च होतं. द्राक्षाचा मणी श्वसनात तेच जाळतो. थंड रात्री आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत लांबलेला पिकण्याचा काळ यांमुळे जर्मनीत ते टिकून राहतं. दुसरं, टार्टरिक, हे आपल्या चिंचेतलंही मुख्य आम्ल आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे जेवणाच्या वेळी उपयोगी पडेल.

लेबल वाचताना

सगळ्यात आधी ‘ट्रोकन’ हा शब्द शोधा. तो पुढच्या लेबलावर नसेल तर मागच्या लेबलावर अल्कोहोलचं प्रमाण पाहा. रीसलिंगच्या बाबतीत ही खूण फार भरवशाची आहे. १२ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर वाइन जवळजवळ नक्की कोरडी. ७.५ ते ९ टक्के असेल तर ती गोड. कारण वर सांगितलेल्या हिशेबात आहे: जो रस पूर्ण आंबल्यावर ११ टक्क्यांपर्यंत गेला असता, तो ८ टक्क्यांवर थांबवला तर उरलेल्या ३ टक्क्यांची साखर, म्हणजे लिटरमागे ५० ग्रॅमच्या आसपास, वाइनमध्येच राहते. १० ते ११.५ टक्क्यांच्या पट्ट्यात मात्र अंदाज करू नये. तिथे लेबलावरचा शब्दच पाहावा.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो काबिनेट, श्पेटलेझे आणि आउसलेझे या शब्दांमुळे. १९७१ च्या वाइन कायद्याने ठरवलेल्या या पायऱ्या द्राक्षं तोडताना रसात किती साखर होती ते सांगतात, बाटलीत किती उरली ते नाही. त्यामुळे ‘श्पेटलेझे ट्रोकन’ ही पूर्ण कोरडी, चांगल्या पिकलेल्या द्राक्षांची, अंगाने भरीव वाइन असू शकते. आणि नुसती ‘श्पेटलेझे’ लिहिलेली बाटली बहुधा गोड निघते. ट्रोकन हा शब्द नाही म्हणून ती गोड, असं धरून चालणं सुरक्षित.

व्हीडीपी या उत्पादक संघाच्या बाटल्यांच्या टोपीवर द्राक्षाचा घड पोटाशी धरलेला गरुड असतो. त्यांनी कायद्याच्या जोडीला स्वतःची चढती रांग लावली आहे: गुट्सवाइन म्हणजे उत्पादकाच्या एकूण बागांमधली रोजची वाइन, ऑर्ट्सवाइन म्हणजे एका गावची, एर्स्टे लागे म्हणजे चांगल्या बागेची आणि ग्रोसे लागे म्हणजे सर्वोत्तम मानलेल्या बागेची. ग्रोसे लागेमधली कोरडी वाइन ‘ग्रोसेस गेवेक्स’ म्हणून विकली जाते. जर्मन आद्याक्षरांवरून तिला ‘गे-गे’ म्हणतात. तिच्यासाठी द्राक्षं हातानेच तोडावी लागतात आणि उत्पादन हेक्टरी ५० हेक्टोलिटरपेक्षा, म्हणजे ५,००० लिटरपेक्षा, जास्त चालत नाही. पहिल्यांदा घेणाऱ्याने गे-गेपासून सुरुवात करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ती महाग असते आणि कोवळ्या वयात पुष्कळदा घट्ट मिटलेली असते. चांगल्या उत्पादकाची गुट्सवाइन किंवा ऑर्ट्सवाइन याच पैशात दोन-तीन जेवणं सांभाळते.

रीसलिंग आणि बाकीच्या

रीसलिंगची सर्वांत जुनी लेखी नोंद १४३५ मधली, र्‍युसेल्सहाइम इथली, म्हणजे जर्मनीतलीच. आज देशात सुमारे २४ हजार हेक्टरवर तिची लागवड आहे, एकूण द्राक्षबागांच्या जवळजवळ पाव हिस्सा. ती उशिरा पिकते आणि पिकल्यावरही आंबटपणा सोडत नाही, म्हणून कोरड्या वाइनसाठी तिच्याइतकं रोखठोक द्राक्ष दुसरं नाही.

प्रदेशाप्रमाणे तिचा स्वभाव बदलतो, आणि जेवणासाठी निवडताना हा फरक कामाचा आहे. मोझेल नदीकाठच्या बागा पाटीच्या दगडाच्या उतारांवर आहेत. ब्रेमजवळचा काल्मोंट उतार तर ६५ अंशांपर्यंत चढा आहे. इथली कोरडी रीसलिंग अंगाने हलकी, आंबटपणा टोकदार, वास हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा. राइनगाऊमध्ये ऱ्हाइन नदी सुमारे ३० किलोमीटर पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे तिच्या उत्तर काठचे उतार दक्षिणेच्या उन्हाला तोंड करून आहेत. तिथली वाइन जास्त भरीव आणि करारी. फाल्त्समध्ये पश्चिमेचे डोंगर पाऊस अडवतात आणि हवा इतकी उबदार असते, की बदाम आणि अंजिरंही होतात. तिथल्या रीसलिंगला पीच-जर्दाळूसारख्या पिकल्या फळाचा वास आणि रुंद अंग असतं. राइनहेसेन हा क्षेत्रफळाने सर्वांत मोठा वाइनप्रदेश. निअरश्टाइनजवळच्या लाल मातीच्या उतारांवरच्या बाटल्या तिथे आवर्जून घ्याव्या.

झिल्व्हानर हे फ्रांकेन प्रदेशाचं द्राक्ष. कास्टेल इथे ते १६५९ मध्ये लावल्याची नोंद आहे. ही वाइन ‘बॉक्सबॉइटेल’ नावाच्या चपट्या, पोटगोल बाटलीत येते. तिथे कोरडी म्हणजे ४ ग्रॅमच्या आत, असा जुना संकेत आहे. वास अगदी माफक, आंबटपणा रीसलिंगपेक्षा मऊ आणि चुनखडीच्या जमिनीमुळे एक मातकट ठामपणा. तिला कमी लेखतात, पण जेवणाच्या टेबलावर ती रीसलिंगपेक्षा जास्त वेळा जिंकते.

वाइसबुर्गुंडर आणि ग्राउबुर्गुंडर या दोन द्राक्षांच्या वाइन आंबटपणात मवाळ आणि लोणी-साय-मलईच्या सॉसशी पटकन जमणाऱ्या. ग्राउबुर्गुंडरच्या जुन्या गोड शैलीला ‘रुलेंडर’ म्हणत, म्हणून ते नाव दिसलं तर साखर तपासावी. म्युलर-थुर्गाऊ, ऊर्फ रिव्हानर, रोजची साधी वाइन; ताजी असताना प्यावी आणि विसरून जावी.

जिभेवर काय घडतं

कोरडी रीसलिंग ताटात जे काम करते, ते माशावर पिळलेल्या लिंबाचं काम आहे. आंबटामुळे लाळ सुटते, तोंडात बसलेला तेला-तुपाचा थर धुतला जातो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. म्हणून तळलेलं, लोण्यात परतलेलं आणि चरबीदार अन्न हिच्यासोबत खुलतं. मीठही मदत करतं. खारट घासानंतर वाइनचा आंबटपणा मऊ वाटतो आणि फळाचा वास पुढे येतो.

बिघडतं कुठे, तेही ठरलेलं आहे. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन पाणचट लागते, कारण जिभेने आधीच त्याहून मोठा आंबटपणा घेतलेला असतो. पदार्थ गोड असेल तर उलट होतं: साखरेनंतर कोरडी वाइन नुसती आंबट आणि कडवट होऊन बसते. तिखटासोबत अल्कोहोल मिरचीची आग वाढवतो, त्यामुळे १३ टक्क्यांची गे-गे आणि झणझणीत रस्सा ही जोडी दोघांचंही नुकसान करते. तिथे १० टक्क्यांच्या आतली गोडसर काबिनेट हवी. साखर तिखटाला आवरते आणि कमी अल्कोहोल आगीत तेल ओतत नाही.

मासे आणि पांढरी वाइन हा संकेत नुसता रिवाज नाही. वाइनमध्ये विरघळलेलं लोह जास्त असेल तर ते समुद्री अन्नातल्या मेदाशी मिळून उग्र, हिवस चव तयार करतं, असं जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. लाल वाइनमध्ये लोह जास्त असण्याची शक्यता अधिक, म्हणून मासे खराब लागण्याचा धोकाही तिथे जास्त.

आणखी एक नियम, जो बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडतो: वाइन मांसावरून निवडू नका, सॉसवरून निवडा. त्याच कोंबडीच्या तुकड्यावर लिंबू-लोणी असेल तर रीसलिंग, मलई-मशरूम असेल तर ग्राउबुर्गुंडर आणि मधाचा लेप असेल तर कोरडी वाइनच नको.

जर्मन ताट

श्पार्गेल, म्हणजे पांढरा शतावरीचा कोंब, हा जर्मन वसंताचा सण आहे. हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो आणि परंपरेने २४ जूनला संपतो. मुख्य जेवणासाठी माणशी ५०० ग्रॅम घ्यावा. टोकाच्या जरा खालून बुडाकडे साल जाड काढावी, कारण राहिलेली साल चोथट आणि कडू लागते. बुडाचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कापून टाकावा. पाण्यात मीठ, चिमूटभर साखर आणि लोण्याचा छोटा तुकडा घालून जाडीप्रमाणे १२ ते १५ मिनिटं शिजवावा. काट्यावर उचलल्यावर कोंब किंचित वाकला की झाला.

सोबतचा हॉलंडेझ सॉस चौघांसाठी ३ अंड्यांचे बलक, २०० ग्रॅम वितळलेलं कोमट लोणी आणि ३ मोठे चमचे कोरडी वाइन एवढ्यात होतो. बलक आणि वाइन उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेल्या भांड्यात फेटून दाट करावं, मग लोणी आधी थेंबाथेंबाने, नंतर बारीक धारेने घालावं. भांड्याचा तळ पाण्याला टेकला किंवा आच वाढली की बलक शिजून गुठळ्या होतात. लोणी घाईने ओतलं की सॉस फाटतो. फाटलेला सॉस वाचवायचा असेल तर दुसऱ्या भांड्यात एक नवा बलक आणि चमचाभर पाणी फेटून त्यात तो हळूहळू मिसळावा.

या ताटासोबत झिल्व्हानर. शतावरीत गंधकयुक्त द्रव्यं आणि थोडा कडवटपणा असतो. टोकदार मोझेल रीसलिंग तो कडवटपणा उघडा पाडते आणि लाकडी पिंपातली वाइन तर त्याला धातूसारखी चव आणते. झिल्व्हानर मुकाट्याने बाजूला उभी राहते. सॉस भरपूर असेल तर वाइसबुर्गुंडरही छान.

पिठात घोळवून लोण्यात तळलेला ट्राउट मासा मोझेलच्या ट्रोकनसोबत खावा. त्यावर लिंबू मात्र दोन-चार थेंबच. अर्धं लिंबू पिळलं की वाइन मेलीच समजा. श्नित्सेलला, म्हणजे पातळ थापून ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेल्या मांसाला, कोणतीही ताजी कोरडी रीसलिंग जमते.

सावरक्राउटला, म्हणजे आंबवलेल्या कोबीला, मुळातच लॅक्टिक आम्लाचा आंबटपणा असतो. इथे मवाळ वाइन टिकत नाही, राइनगाऊ किंवा मोझेलच हवी. कोबी फार आंबट असेल तर शिजवण्याआधी एकदा धुऊन पिळावा. नंतर पाऊण किलोला वाटीभर तीच वाइन घालून मंद आचेवर तासभर शिजवावा. त्यात पुष्कळ जण सफरचंद किंवा साखर घालतात. ते जास्त झालं तर ग्लासात फाइनहर्ब ओता.

फ्रांकेनमधले ‘ब्लाउए त्सिप्फेल’, म्हणजे कांदा आणि व्हिनेगरच्या पाण्यात शिजवलेले सॉसेज, तिथल्याच झिल्व्हानरसोबत खातात. फाल्त्सचा ‘झाउमागेन’, म्हणजे सारण भरून शिजवलेलं डुकराचं जठर, तिथल्या भरीव रीसलिंगसोबत. फ्रँकफर्टच्या सात हिरव्या पाल्यांच्या थंड सॉसला हलकी रीसलिंग किंवा झिल्व्हानर, दोन्ही चालतात. चीजमध्ये शेळीच्या दुधाचं ताजं चीज सर्वोत्तम. निळ्या बुरशीचं चीज गोड वाइनसाठी ठेवा.

आपल्या स्वयंपाकाशी

ही बाटली फ्रँकफर्टमध्ये राहणाऱ्या मराठी घरात उघडली किंवा कोणी पुण्या-मुंबईत आणली, तर कोकणी किनाऱ्याचं तळण तिला सर्वांत जवळचं. रवा लावून तळलेली सुरमई, कुरकुरीत बोंबील, कोथिंबीर वडी: मीठ आहे, तेल आहे, आंबट माफक आहे. मसाल्यात लाल तिखट निम्मं करा. कोल्हापुरी पांढरा रस्सा नारळाच्या दुधाचा आणि मऊ, त्याला वाइसबुर्गुंडर किंवा ग्राउबुर्गुंडर. तांबड्या रश्शाला मात्र कोरडी वाइन देऊ नये.

अळूवडी इथे फसते. चिंचेत तेच टार्टरिक आम्ल आणि जोडीला गूळ, म्हणजे पदार्थ वाइनपेक्षा आंबटही आणि गोडही. चिंच-गुळाच्या आमटीचंही तेच. सोलकढी आणि वाइनचे घोट एकाआड एक घेऊ नयेत. आंबटावर आंबट चढून दोन्हींची चव जाते.

थंड करणं, ओतणं, ठेवणं

गुट्सवाइन ८ ते १० अंश सेल्सियसवर, गे-गे १० ते १२ वर. घरचा फ्रिज साधारण ४-५ अंशांचा असतो आणि इतक्या थंडीत वास गोठतो, आंबटपणा तेवढा टोचतो. जर्मनीत बाटली १५-२० मिनिटं आधी बाहेर काढावी. मे महिन्यात नागपूरला असाल तर ५ मिनिटंही पुरतात. अशा हवेत ग्लास तिसरा हिस्साच भरावा आणि बाटली परत फ्रिजमध्ये ठेवावी. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ आणि निम्मं पाणी घालून २० मिनिटं ठेवा. नुसत्या बर्फात वेळ जास्त लागतो, कारण खड्यांच्या मधली हवा थंडी नीट पोचू देत नाही.

तळाशी साखरेच्या खड्यांसारखे स्फटिक दिसले तर बाटली परत करू नका. ते टार्टरिक आम्लाचे क्षार आहेत, निरुपद्रवी. ओतल्यावर जिभेला किंचित बुडबुडे टोचले तर तो आंबण्यातून उरलेला कार्बन डायऑक्साइड, कोवळ्या वाइनमध्ये तोही चालतो. मुरलेल्या रीसलिंगला पेट्रोल किंवा रॉकेलसारखा वास येतो. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइडपासून वयाबरोबर तयार होणारं एक द्रव्य त्याच्या मुळाशी आहे आणि माफक असेल तर जाणकार तो गुणच मानतात. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरसट वास मात्र खरा दोष. तो बुचातून येतो आणि ती बाटली दुकानदाराने बदलून द्यायला हवी. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांत हा धोका जवळजवळ नसतो. जर्मनीत चांगल्या वाइनलाही असं झाकण असतं, त्यावरून दर्जा ठरवू नये.

गुट्सवाइन पहिल्या २-३ वर्षांत संपवावी. चांगल्या बागेची गे-गे ५ ते १५ वर्षं टिकते, पण अंधारात, आडवी आणि १० ते १५ अंशांत ठेवली तरच. ३० अंशांच्या कपाटात ती काही महिन्यांतच म्हातारी होते. तशी जागा नसेल तर विकत घेतलेली बाटली फ्रिजच्या दारात न ठेवता सर्वांत खालच्या खणात आडवी ठेवा आणि त्याच हंगामात उघडा. उघडलेली रीसलिंग झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ३ ते ५ दिवस चांगली राहते. त्यानंतर तिचा उपयोग सावरक्राउटमध्ये किंवा हॉलंडेझमध्ये करावा.